गाडीची खंडेनवमी

२७ सप्टेंबर १९८७, रविवार

आजपासून डायरी. मस्कतला सुपरवायझरला रोजचा रिपोर्ट लिहावा लागतो, असं श्यामकांत साहेब म्हणाले होते. सवय आत्ताच लागलेली बरी.

तर रिपोर्ट. साहेबांची जपानी गाडी जुलैपासून माझ्या चारकोपच्या गाळ्यात उभी आहे. साहेब १८ ऑक्टोबरला वहिनी आणि दोन मुलींना घेऊन दिवाळीला बोरिवलीच्या घरी येणार. तोवर गाडी सांभाळायची. जाताना मला नेणार. तिथे त्यांच्या कंपनीच्या चाळीस गाड्यांचं वर्कशॉप आहे, त्याचा सुपरवायझर मी. सेक्टरमध्ये सगळ्यांना सांगून झालंय.

शब्द बाबांनी टाकला हे कबूल. बाबा मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम, होते तेव्हा साहेबांचे वडील तिथे वीव्हिंग मास्तर. पण शब्द टाकून नोकरी मिळत नाही, हातात कला लागते.

साहेबांची सूचना एकच. एक दिवसाआड स्टार्ट करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. पंधरा वर्षं फियाट उघडून बसवणाऱ्याला असं सांगायचं म्हणजे कमाल आहे. असो. मोठी माणसं काळजीपोटी बोलतात.

या गाडीला कार्बोरेटर नाही. कॉम्प्युटर आहे. डॅशबोर्डखाली, जेवणाच्या डब्याएवढा. किती पेट्रोल सोडायचं ते तो ठरवतो. बघून घेऊ.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

गाळ्यात पूजा. पाने, स्क्रूड्रायव्हर, जॅक, सगळं धुऊन पाटावर मांडलं. झेंडूची माळ साहेबांच्या गाडीलाही घातली. बाबांना आज मिल चालू असल्यासारखा उत्साह. खंडेनवमीला मशीन बंद म्हणजे बंद, हा त्यांचा नियम. मिलमध्ये कोणा एकाने या दिवशी साचा, म्हणजे माग, चालवला आणि त्याची तीन बोटं गेली, ती गोष्ट याही वर्षी सांगितली.

मग बाबांना गाडीतलं घड्याळ दिसलं. किल्ली काढलेली तरी हिरवे आकडे चालू. म्हणाले, ह्यां मशीन जागां आसा. मी समजावलं की ते नुसतं घड्याळ आहे. बाबा ऐकेनात. आजच्या दिवशी जागं ठेवलं तर कुणाचा तरी घास घेईल म्हणाले.

म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा. बॅटरीचं टर्मिनल काढलं. आकडे विझले. सूचनेचा भंग झाला का? नाही. गाडीला हात लावलेला नाही, बॅटरीला लावला.

२ ऑक्टोबर, दसरा

टर्मिनल लावलं. किल्ली फिरवली. इंजिन लागलं, थरथरलं, फेऱ्यांचा काटा वर गेला, खाली आला, बंद. चार वेळा तेच. पाचव्या वेळी लागून राहिलं, पण काटा आपला आपण वर-खाली. पायाने काही केलेलं नाही. बॉनेटखाली कुणीतरी धाप टाकत असल्यासारखं वाटतं.

सुट्टीनंतरची मरगळ आहे. दोन दिवसांत जाईल.

४ ऑक्टोबर, रविवार

मरगळ गेलेली नाही. क्लच दाबला की इंजिन मरतं. चालताना ठीक, थांबताना खलास.

साहेबांना पत्र टाकलं. गाडी झकास आहे, असं लिहिलं. पत्र पोचायला आठ-दहा दिवस लागतात. तोपर्यंत झकास झालेली असेल, म्हणजे पत्र वाचताना खरंच असेल. बॅटरीचं लिहिलं नाही. जागा कमी होती.

शेजारच्या गाळ्यातला वायरमन लवू येऊन बघून गेला. म्हणाला, साहेबांना ट्रंक कॉल लाव ना, विचार. मी म्हटलं, सुपरवायझर विचारत नाही, सांगतो.

६ ऑक्टोबर

माझी बायको सुगंधा मॅट्रिक आहे. तिने गाडीतलं इंग्रजी पुस्तक रात्रीच्या भाकऱ्या थापता थापता वाचून काढलं. म्हणे, बॅटरी काढली की कॉम्प्युटर शिकलेलं सगळं विसरतो. मग इंजिन गरम करायचं, दिवे, पंखा, रेडिओ सगळं बंद ठेवायचं आणि दहा मिनिटं नुसतं चालू सोडायचं. ॲक्सिलेटरला पाय लावायचा नाही, कशालाच हात लावायचा नाही. तो आपला आपण परत शिकतो.

मी हसलो. दहा मिनिटं हात बांधून बसायचं हे काय मेकॅनिकचं काम? मग गिऱ्हाईक गाळ्यावर येईल कशाला? सुगंधा म्हणाली, करून तर बघा. तिचं मन राखायला उद्या करून बघतो.

७ ऑक्टोबर

पहिला प्रयत्न: चार मिनिटं. आवाज बसत चालला होता म्हणून थोडी रेस दिली.

दुसरा: साडेसहा. हेडलाइट लावून बघावेसे वाटले. लावले.

तिसरा: आठ मिनिटं. हात मांडीखाली दाबून बसलो होतो. काटा अगदी स्थिर होत आला होता. इतका स्थिर की संशय आला. एकदाच, हलकेच ॲक्सिलेटर दाबला.

निष्कर्ष: पुस्तकातली पद्धत चुकीची आहे.

९ ऑक्टोबर

इंजिनावर एक स्क्रू सापडला. त्यावर कंपनीने पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवलीय, म्हणजे महत्त्वाचा. अडीच आटे फिरवला. आता इंजिन मरत नाही, गुरगुरतं. डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र उजळलंय. रंगाला रंग जुळला, शुभ आहे.

गाळ्यातली कुत्री रोज या गाडीखाली झोपायची. आज लवूच्या दारात जाऊन झोपली. बाबाही आत येत नाहीत, उंबऱ्याशी उभे राहतात. म्हणतात, आपण झोपवलं ते नीट उठलेलं नाही. मी लक्ष देत नाही. मात्र येता येता लिंबू-मिरची घेतली. बाजारात स्वस्त होती म्हणून.

११ ऑक्टोबर, रविवार

आज बाबांना गाडीतून फिरवून आणलं. भीती घालवायची तर हाच उपाय. बाबा नको नको म्हणत होते. मी दार उघडून बसवलं.

रेल्वे फाटकापर्यंत गाडी एक नंबर. फाटक उघडं होतं. रुळांच्या मधोमध पुढची हातगाडी थबकली, म्हणून मी क्लच दाबला. इंजिन मेलं. आरामात किल्ली फिरवली. लागून मेलं. परत फिरवली. फाटकवाला हिरवं-लाल काहीतरी हलवून ओरडायला लागला. ही माणसं उगाच ओरडतात.

बाबा कधी उतरले मला कळलं नाही. आरशात बघितलं तर मागे वाकून ढकलत होते. चौसष्ट वर्षांचा माणूस. हातगाडीवाला धावत आला, दोघांनी मिळून गाडी पलीकडे घातली. मी स्टिअरिंग सांभाळत होतो. तेही काम असतंच.

गाडी गेली, म्हणजे रेल्वेची. किती वेळाने ते नक्की सांगता येत नाही. मी एक ते वीस मोजायला सुरुवात केली होती आणि आठपर्यंत पोचलो होतो.

मी घाबरलो नाही. पलीकडे पोचल्यावरही किल्ली फिरवत होतो ती इंजिन लागावं म्हणून.

१२ ऑक्टोबर

बाबा काल जेवले नाहीत. आज चहा घेतला. विचारलं तर म्हणाले, काय नाय रे झिला. तळहात खरचटलेत, त्यांना हळद लावून बसलेत. सुगंधा माझ्याशी कामापुरतं बोलते.

तसं बघितलं तर दोष हातगाडीवाल्याचा. थबकला नसता तर क्लच दाबावा लागला नसता. आणि प्रसंगातून आपण सुखरूप बाहेर आलो, हे कुणी बघत नाही.

१४ ऑक्टोबर

नवी पद्धत, माझी स्वतःची. रोज सकाळी टर्मिनल काढायचं, पाच मिनिटांनी लावायचं. म्हणजे कॉम्प्युटर आदल्या दिवशीचं वाईट वळण विसरतो आणि कोरी पाटी मिळते. मग दिवसभर मी त्याला शिकवतो. प्लग बदलले. स्क्रू अर्धा आटा मागे, एक पुढे.

संध्याकाळपर्यंत जास्त बिघडते. उद्या परत कोरी पाटी.

१६ ऑक्टोबर

आज सिग्नलला तीन वेळा मेली. एकदा बसच्या पुढे. इंजिन मेलं तसा ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, गाडी थांबायच्या आधी जरा पुढे गेली. जरा म्हणजे फूटपाथवरच्या बाईने पोराला खसकन ओढलं तेवढी.

झोप लागत नाही. परवा साहेब. वहिनी आणि दोन मुली मागच्या सीटवर असणार. हे लिहून काय उपयोग? उद्या संपूर्ण दिवस हातात आहे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

जमलं. मी म्हणालो होतोच.

सकाळी डोकं चालेना म्हणून साहेबांसाठी हार सांगायला बोरिवलीला गेलो. येऊन बघतो तर सुगंधा ड्रायव्हरच्या सीटवर मांडीत सूप घेऊन अनारशाचे तांदूळ निवडत बसलेली. इंजिन चालू. बाबा बाहेर स्टुलावर, हातात माझा स्क्रूड्रायव्हर. फुकट पेट्रोल जाळताय म्हणून मी दोघांना झापलं. बाबा म्हणाले, स्क्रू रंगाच्या रेघेवर परत आणून ठेवलाय. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, पण रेघ मात्र दिसली. सुगंधा म्हणाली, दहाच्या जागी बारा मिनिटं झाली, तांदूळ संपायचे होते.

चालवून बघितली. काटा स्थिर. क्लच दाबला, मरत नाही. पिवळं चित्र विझलेलं. आठ दिवस मी जे शिकवलं ते शेवटी त्याच्या डोक्यात शिरलं. काही विद्यार्थी मठ्ठ असतात, पण मास्तर चांगला पाहिजे.

१८ ऑक्टोबर, रविवार

सहार विमानतळ, सकाळी साडेनऊ. साहेबांना हार घातला, व्हिसासाठी माझा पासपोर्ट तिथेच त्यांच्या हातात दिला. बाबाही आले होते. माझ्याबरोबर गाडीतून नाही, बसने. जुनी माणसं काटकसरी.

परतताना साहेब पुढे, वहिनी, मुली आणि बाबा मागे. बाबा बसायला तयार नव्हते, वहिनींनी आग्रह केला. गाडी अशी चालली की काय सांगू. साहेब खूश. म्हणाले, ठेवलीस छान, काही त्रास?

आता सुपरवायझर होणाऱ्या माणसाने आपलं काम सांगायला नको का? सांगितलं सगळं. खंडेनवमी, बॅटरी, पिवळा स्क्रू अडीच आटे, रोजची कोरी पाटी. साहेब ऐकत होते. रंगात आलो, फाटकाचंही सांगितलं. रुळावर कसा डोकं शांत ठेवून बसलो ते. आरशात बघितलं तर वहिनींनी धाकटीला मांडीवर ओढून घेतलेलं. मुलगी झोपाळलेली असणार.

साहेबांनी मागे वळून बाबांकडे बघितलं. विचारलं, काका, खरं का हे? बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग साहेब इतकंच म्हणाले की, चंद्रप्रकाश, तिथल्या चाळीसही गाड्यांत कॉम्प्युटर आहे. म्हणजे कामाचा अंदाज दिला. गोराईच्या रस्त्याला गाडी थांबवायला लावली आणि पुढे स्वतः चालवत नेली. किती दिवसांनी आपली गाडी हातात आली, माणसाला वाटतंच.

२० ऑक्टोबर

साहेबांचा निरोप नाही. प्रवासाचा शीण असेल. सूटकेस बघून आलो, लाल चांगली वाटली.

बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बोरिवलीला गेले. कुठे ते सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर

बाबांनी माझा पासपोर्ट आणून टेबलावर ठेवला. मला वाटलं व्हिसा झाला. पानं उलटून बघितली, सगळी कोरी.

बाबा उभेच होते. म्हणाले, तुका न्हेव नको म्हणान मीच सांगितलंय. साहेब विचार करून कळवतो म्हणत होते, बहुधा नेलंही असतं, जुन्या ओळखीखातर. पण मीच शब्द टाकलेला, मीच परत घेतला. माका म्हाताऱ्याक काय, आज ना उद्या जावचाच आसा. पण तेंची पोरां बसतली रे त्या गाड्यांत.

मी बोलायला तोंड उघडलं. हातगाडीवाला, पिवळा स्क्रू, सगळं तयार होतं. बाबांचे तळहात दिसले, अजून सोललेले. पासपोर्ट मिटून ठेवला. त्या दिवशी मी घाबरलो होतो. इतका की दार उघडायचं सुचलं नाही, बाप मागे ढकलतोय आणि मी किल्ली फिरवतोय. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

सुगंधाने दोघांना चहा दिला. रविवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. मी म्हटलं, गिऱ्हाइकाची फियाट आहे गाळ्यात, काढतो. बाबा म्हणाले, चालत जाऊ. मी बरं म्हटलं.