गल्ली मोकळी झाली की

२ सप्टेंबर, सकाळ
बटण दाबलं की मी बोलायचं आणि फोनने लिहायचं. तारीखही तोच टाकतो. मला अक्षर येत नाही, त्याला अक्कल नाही. जोडी छान जमली. मनातलं ठेवायला याहून पक्की तिजोरी नाही.
पहिली गोष्ट. मी इथे पाहुणी आहे. नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, वरून हुकूम आला आणि गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले. म्हणून नातीकडे आले. गल्ली मोकळी झाली की मी माझ्या घरी. खरं तर नातीलाच माझी गरज होती. कॉलेजात शिकवते, पण नोकरी कच्ची. दरवर्षी पिकते की गळते, बघत बसायचं. अशा पोरीला एकटं टाकवत नाही.

४ सप्टेंबर
घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये मी पाय ठेवत नाही, माणसाला डब्यात भरून वर ओढायचं म्हणजे काय! जिन्याने उतरता येतं, चढता येत नाही. म्हणून उतरत नाही. अडकलेली नाही, उतरत नाही.
गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाठ दिसते. तीच रोज बघते. अजून वळली नाही.

७ सप्टेंबर
नातीच्या संशोधनाचा विषय आज नीट विचारून घेतला. पूर, वादळ, आग आली की गरिबाचं किती जातं, श्रीमंताचं किती, आणि परत आपल्या घरी कोण जातं, कोण जात नाही. मी म्हटलं, पाणी शिरताना सगळ्यांकडे सारखं शिरतं, निघताना माणूस बघून निघतं. झालं तुझं संशोधन, पाठव. ती म्हणाली, "आजी, पुरावा लागतो." एवढी शिकली, आणि आजीचा शब्द पुरत नाही.
पुरावा म्हणजे आमच्याच गल्लीतली माणसं. पांगलीत चारी दिशांना. त्यांना एकेक करून बोलवायचं, प्रश्न विचारायचे, बोलणं रेकॉर्ड करायचं. कॉलेजात खोली नाही. तिच्या विभागाच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, कच्च्यांना खोली मिळत नाही. म्हणून माणसं रविवारी घरी येणार. चहा माझ्याकडे. म्हणजे अर्धं संशोधन माझ्याकडे.

१३ सप्टेंबर, रविवार
गल्लीतला न्हावी आला. किती वाळला! नात आतल्या खोलीत प्रश्न विचारते, मी दाराशी बसून भाजी निवडते. भाजी आतापर्यंत तीनदा निवडली.
शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच: "परत कधी जाणार?"
न्हावी म्हणतो, "कुठलं हो परत. मेव्हण्याच्या दुकानात खुर्ची टाकलीय. आता तिकडेच."
पळपुटा. नवऱ्याची हजामत या माणसाने आयुष्यभर केली. चहात साखर कमी घातली.

१३ सप्टेंबर, दुपार
बेकरीवाला आला. तोही तेच म्हणाला. भट्टीत गाळ भरलाय, पोरगा म्हणतो विसरा.
मला घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. नात हे सगळं लिहून वर पाठवणार. वरचे म्हणणार, बघा, कोणालाच परत यायचं नाही, मग पत्रे काढायचे कशाला? म्हणजे या दोन पळपुट्यांपायी माझं घर जाणार.
असं होऊ देणार नाही. काहीतरी करते.

२० सप्टेंबर, रविवार
केलं.
नात अंघोळीला गेली की दार मी उघडते. चहा देते, गुडघ्याची चौकशी करते, आणि हळूच सांगते, शेवटच्या प्रश्नाला म्हणायचं, "गल्ली मोकळी झाली की दुसऱ्याच दिवशी." नाही म्हणालात तर कायमचं गेलं. लोक बिचारे मान डोलावतात. रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागलं, पहिल्यापासून मठ्ठ.
सगळ्यांनी बरोबर म्हटलं. गल्ली अजून जिवंत आहे, फक्त थोडी आठवण करून द्यावी लागते.

२८ सप्टेंबर
नात खूश. म्हणते, "आजी, न्हावी आणि बेकरीवाला सोडले तर सगळ्यांनाच परत जायचंय गं! पुस्तकात असं कुठेच नाही." मोठ्या मॅडमनी पहिल्यांदा तिला स्वतःच्या केबिनमध्ये बसवलं. पुढच्या महिन्यात नोकरीची मुलाखत, तिथे हेच मांडणार.
मी नम्रपणे कांदा चिरत राहिले. मला श्रेय नको.

४ ऑक्टोबर, रविवार
शिंपीणबाई आल्या. तीस वर्षांची मैत्रीण, माझी सगळी पोलकी त्यांनी शिवली. त्यांना सांगायलाही नको होतं, तरी सांगितलं.
आतून प्रश्न आला, "परत कधी जाणार?"
बाई म्हणाल्या, "गल्ली मोकळी झाली की दुसऱ्याच दिवशी. बरोबर ना हो आजी? का 'लगेच' म्हणायचं होतं?"
आतून पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.
शिंपीणबाई, मापात कधी चुकल्या नाहीत. इथेच चुकायचं होतं?

४ ऑक्टोबर, संध्याकाळ
नात ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, सोपं झालं असतं. शांतपणे विचारलं, "किती जणांना सांगितलंस?"
म्हटलं, न्हावी आणि बेकरीवाला सोडून.
ती म्हणाली, "म्हणजे तेवढे दोघंच खरे."
मग सगळ्या मुलाखती बाजूला काढल्या. मला म्हणाली, "आजी, घरं उघडायची की नाही हे माझ्या लिहिण्यावर ठरत नाही गं. माझं लिहिणं वाचतंच कोण?"
हे तिने आधी सांगायला हवं होतं. चूक दोघींची आहे.

११ ऑक्टोबर
आता नात फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांना पुन्हा विचारते. मला स्वयंपाकघराबाहेर यायला बंदी. तिचा चहा फ्लास्कमध्ये. मी काही ऐकत नाही. रिक्षावाला म्हणाला रिक्षा विकली. शिंपीणबाई म्हणाल्या सुनेच्या घरात मशीन ठेवायला कोपरा मिळाला, देव पावला. ओट्यापाशी सगळं ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही.
एकानेही परत येतो म्हटलं नाही. लोक फोनवर खोटं फार बोलतात.

१४ ऑक्टोबर
एक माणूस कमी पडतोय. मी म्हटलं, मी आहे की. त्याच गल्लीतली आहे.
नातीने रेकॉर्डर काढला. मग मला आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. विचारलं, वय? (लपवलं.) खोल्या किती? पाणी कुठवर आलं? काय काय गेलं? सगळं सांगितलं. शिवणाचा डबा, आजोबांचा कोट, दोन्ही पलंग. मांजर सांगितलं नाही, ते स्वतःहून गेलं.
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पदर सारखा केला.
नातीने रेकॉर्डर बंद केला. "झालं, आजी."
म्हटलं, एक राहिला.
"नाही गं, झालं." आणि पाणी प्यायला उठून गेली.
सगळ्यांना विचारते. न्हाव्याला विचारलं, त्या मठ्ठ रिक्षावाल्याला विचारलं. मलाच नाही.
घाईत विसरली असेल. पोरीला लक्षात राहत नाही, म्हणून तर मी इथे आहे.

२९ ऑक्टोबर
नोकरीची मुलाखत झाली. तिने सगळं खरं सांगितलं, आजीने मुलाखती कशा बिघडवल्या तेही. मंडळी पोट धरून हसली म्हणे. मोठ्या मॅडमनी विचारलं, "आजीने असं का केलं असेल?" यावर नात काय बोलली ते तिने सांगितलं नाही. पण नंतर कोणी हसलं नाही, एवढं सांगितलं.
नोकरी पक्की झाली.
म्हणजे माझं इथलं काम संपलं. तिला म्हटलं, आता मी मोकळी. ती म्हणाली, "हो आजी." आणि माझ्या केसांना तेल लावत बसली.

३ नोव्हेंबर
घर कॉलेजचं, नोकरी पक्की झाली की रंगवून मिळतं. रंगारी आला. उंच, शिडी न घेताच छताला हात पोचतो. नातीने विचारलं, "आजी, तुझ्या खोलीला कुठला रंग?"
म्हटलं, माझी कसली खोली, मी चार दिवसांची पाहुणी. कुठलाही लाव.
रंगारी म्हणाला, "मग पांढरा मारतो. उजेड येईल."
मी म्हटलं, पांढरा नको. पांढऱ्यावर पाण्याची रेघ फार दिसते.
तो हसला. "आजी, तिसऱ्या मजल्यावर कुठलं आलंय पाणी!"
म्हटलं, आमच्याकडेही येत नव्हतं.
पिवळा सांगितला.