रिकाम्या पोटी एक गोळी

नेपाळगंज, कार्तिक ८, वि. सं. २०४७

ती. सौ. देउसराताईस,
नंदकलाचा शि. सा. न. वि. वि.

विमानतळापासून गावापर्यंतची दोन दिवसांची चढण झेपली का? दसऱ्याला तुम्ही मायलेकी तीन दिवस राहून गेलात, तेव्हापासून घर खायला उठतंय.

तुझ्या रक्ताचा कागद आला. गळ्यातल्या त्या गाठीतला, थायरॉइडचा रस आटलाय. म्हणूनच तुला उन्हात बसून हुडहुडी भरते, तोंड सुजतं, केस गळतात, आवाज घोगरा झालाय आणि भरदिवसा डोळे मिटतात. सासूबाई आळशी म्हणतात ना, त्यांना सांग, हा आजार आहे, माझी नर्स बहीण म्हणते.

सोबत गोळ्या पाठवतेय. रोज पहाटे रिकाम्या पोटी एक, बाळंतपणानंतरही. पोटातल्या बाळाचा मेंदू याच रसावर घडतो. धनसराच्या वेळी तो मिळाला नाही, म्हणून पोर सात वर्षांची झाली तरी बोलत नाही. आणि हात जोडते, खडेमीठ धुऊन घेणं बंद करा! आपल्या आईनेही जन्मभर तेच केलं. मळ जातो, पण त्याला लावलेलं आयोडिनही पाण्याबरोबर जातं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नंदकला

जुम्ला, माघ ३

चि. नंदकलास अनेक आशीर्वाद.

गोळी रोज पहाटे रिकाम्या पोटी जाते हो, नर्सबाई! मिठाचं सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, बहीण शहरात गेली म्हणून आता मळ खायला शिकवते का? धुतातच.

धनसरा मात्र यंदा पार बदलली गं. चुलीपाशी गुडघ्यांत डोकं घालून बसणारी पोर मेंढ्यांमागे पळते. हातपाय गरम असतात. परवा मोठ्यांदा हसली. मला रडूच फुटलं.

माझी झोप तेवढी हटत नाही. काल शेजारी बसले असून दूध उतू गेलं. सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. तुझे भाऊजी फापराची भाकरी खात बसले.

सवडीने दोन ओळी धाड.
तुझी ताई

जुम्ला, चैत्र २

चि. नंदकलास अनेक आशीर्वाद.

फाल्गुन अकराला मुलगी झाली. सासूबाई बेहद्द खूश. अशी गुणी पोर बघितली नाही म्हणतात, रडत नाही की छळत नाही. दूध पाजायलासुद्धा उठवावं लागतं.

आता एक सांगते, ओरडू नकोस. गोळी मी आठच दिवस घेतली. मग धनसराला देत गेले, पाण्यात चुरून. तू लिहिलंस, मेंदू घडतो. मग जिला तो मिळालाच नाही, तिला आधी नको का? ती माझ्या डोळ्यांसमोर होती गं, हिचं तोंडही मी पाहिलं नव्हतं.

पळते, हसते, पण अजून बोलली नाही. किती गोळ्या लागतील? संपत आल्यात.

धाकटी असलीस तरी एवढं पोटात घाल.
तुझी ताई

नेपाळगंज, वैशाख ६, २०४८

ती. सौ. ताईस शि. सा. न.

बर्फाने विमानं बंद होती, तुझं पत्र आज हाती पडलं. बाळ दोन महिन्यांचं होत आलं. ते गुणीपण नव्हे गं, ताई. तिच्याही अंगात तो रस नाही. तिला झोपू देऊ नकोस, उठवून पाज.

आमचा कंपाउंडर उद्याच्या विमानाने येतोय, त्याच्याजवळ तीन पुड्या आहेत. एकीवर बाळ, एकीवर धनसरा, एकीवर तुझं नाव. कुणाची कुणाला देऊ नकोस. रजा मिळाली की मी स्वतः येऊन तुम्हा तिघींना खाली आणते.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या पंधरवड्यात औषध मिळायला हवं होतं. आता बाळाचं किती भरून निघेल, सांगता येत नाही. धनसराचं अंग आणखी सुधारेल. वाचा येणार नाही, ताई. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

पत्र वाचून तुझ्यावर एकटीच खूप ओरडले. मग आठवलं, धनसरा तीन दिवस माझ्या घरात होती. रोज दुसऱ्यांच्या पोरांचं रक्त तपासणारी मी, तिचं घेतलं नाही. हिचं आता काय व्हायचंय म्हणून गोळ्या तेवढ्या तुझ्याच पाठवल्या. मी तिला सोडून दिलं होतं. तू नाही सोडलंस.

जमलं तर बहीण म्हणत राहा.
नंदकला