काडी कोणाच्या सांगण्यावरून लागली

मी, या कागदाच्या शेवटी डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवणारी, वय ऐंशीच्या पुढे आणि पंच्याऐंशीच्या आत (नक्की आकडा माहीत असणारे सगळे माझ्याआधी गेले), राहणार टेकडीच्या पायथ्याचं शेवटचं घर, सांगते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं शेजारच्या मास्तरीणबाई म्हणतात. मी बोलते, त्या लिहितात. मला अक्षर येत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला माणसं उरलीत कुठे? थोरला मुलगा वर्षभरात या घराची पायरी चढलेला नाही. धाकटा महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतो. आणि धाकटी सून माझ्याशी कधी भांडत नाही, हीच माझी खरी अडचण आहे.

थोरला का येत नाही ते आधीच सांगते. गेल्या वर्षी आम्ही टेकडीवरचं गवत जाळत होतो, ती आग सुटली आणि त्याची सुतारकामाची शेड जळून खाक झाली. काडी धाकट्या सुनेने लावली होती. तो तिला दोषी धरतो. हे मृत्युपत्र मी घरादारासाठी करत नाही, त्या काडीसाठी करते. पण बाई म्हणतात, आधी घर लिहायचं असतं. लिहा.

कलम १. घर. तीन खोल्या, मागचा व्हरांडा, वर पत्रे. हे सगळं धाकट्या सुनेच्या नावावर, धाकट्याच्या नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये. वाटलंच तर ट्रकमध्ये वाटून घ्यावं. पत्रे बदलावेत. उन्हाळ्यात दुपारी खाली बसवत नाही. मी बदलले नाहीत, कारण दर वर्षी वाटायचं, एवढा उन्हाळा निघाला की पुढचा काही इतका कडक नसेल. सात वर्षं मला असं वाटत होतं.

कलम २. बँकेत जे असेल ते थोरल्याच्या नव्या हत्यारांसाठी. किती आहे ते आधी विचारू नये, उगाच कमी वाटेल.

कलम ३. दुर्बीण, झोडण्या आणि भिंतीवरची चौकट. माझा नवरा वणव्यावर लक्ष ठेवणाऱ्या मनोऱ्यावर पहारेकरी होता. पुढे त्याचे डोळे गेले, पण पगार जायला नको होता, म्हणून अकरा वर्षं वर मी बसले. साहेब तपासणीला आले की तो वर चढायचा आणि मी डबा घेऊन आल्यासारखी खाली उभी राहायचे. साहेब विचारायचे, "पलीकडे धूर दिसतो का हो?" मी वरून आधीच बघून आलेली असायचे, खालून खोकायचे. एकदा खोकले की नाही, दोनदा खोकले की हो. साहेब एकदा म्हणाले, "तुमच्या बायकोला डॉक्टरला दाखवा." निवृत्त झाला तेव्हा चौकटीतलं प्रशस्तिपत्रक त्याला मिळालं, काच पुसायचं काम मला. ती चौकट माझ्यामागे भिंतीकडे तोंड करून लावावी.

दुर्बीण सुनेला. तिची एक काच धुरकट आहे, पण धूर दिसतो, आणि आता तो बाराही महिने बघावा लागतो. पूर्वी वणव्याचे दोन महिने ठरलेले असायचे, बाकीचे दहा महिने माणूस डोळे मिटून झोपायचा. आता भर पावसाळ्यात टेकडी धुमसते आणि थंडीत गारा पडतात. मोबाईलवर हवामान सांगणारा रोज काहीतरी सांगतो. मी ऐकून घेते. त्याचाही आवाज अलीकडे थकल्यासारखा येतो.

झोडण्या, म्हणजे आग झोडपायचे रबरी पट्ट्यांचे दांडे, चार आहेत. दोन थोरल्याला, दोन धाकटीला.

कलम ४. हे नीट लिहा बाई, आणि माझी बाजू घेऊ नका.

थंडी संपता संपता टेकडी आणि घरं यांच्यामधला एक पट्टा आम्ही आधी कापतो आणि मग मुद्दाम जाळतो, म्हणजे उन्हाळ्यात वरून वणवा उतरला तर त्याला पुढे खायला काही नको. त्याला जाळरेषा म्हणतात. सगळी गल्ली झोडण्या घेऊन उभी राहते, आणि मी "लावा" म्हणेपर्यंत कोणी काडी ओढत नाही. चाळीस वर्षं असंच चाललं. माझी रीत साधी. उताराच्या मधोमध जायचं, मूठभर गवत घ्यायचं, वाकवायचं. वाकलं तर अजून ओल आहे, लावायचं. मोडलं तर फार सुकलंय, घरी जायचं.

गेल्या वर्षी पाऊस निम्म्यात संपला. मग नको तेव्हा दोन दिवस कोसळला, आणि मग गरम वारा सुटला. कशाचा कशाला मेळ नव्हता. माझ्याने उतार चढवेना, म्हणून खाली पाण्याच्या टाकीपाशी खुर्ची टाकून बसले. धाकटी म्हणाली, "आई, मी वरचं गवत आणते. दहा मिनिटं लागतील."

मी म्हटलं, "इथे काय लोखंड उगवलंय? दे इथलंच."

तिने उपटून दिलं. वाकलं.

"आई, वर पायाखाली कडकड वाजतंय हो."

"मग पाय हलके टाक. मला शिकवू नकोस. लाव."

टाकी तळाला गळते. तिच्याभोवतीचं गवत बारा महिने ओलं असतं. हे मला माहीत होतं. नळवाल्याला त्याच गळतीवरून मी दोन वर्षं शिव्या देत होते. तिने काडी लावली. वारा रोजच्यापेक्षा तासभर आधी फिरला आणि आग पट्टा ओलांडून गेली. एकोणीस वर्षांची हत्यारं गेली, दोन खाटा गेल्या, कोणाचा तरी अर्धा झालेला जिना गेला. थोरल्याच्या भुवया गेल्या, त्या परत आल्या.

त्याने विचारलं, "काडी कोणी लावली?"

ती म्हणाली, "मी."

मी खुर्चीत बसून म्हटलं, "वारा फिरला रे. हवामानच बिघडलंय."

खोटं नव्हतं ते. पंचनाम्याला आलेल्या माणसानेही तेच लिहून घेतलं. हवामान बिघडलं म्हणूनच तर जास्त जपायला हवं होतं, आणि मी त्याच्याच आड लपले. हवामानावर काहीही ढकलता येतं, ते उलटून बोलत नाही. सूनही बोलली नाही. महिन्याभराने मी तिला विचारलं, "का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "गल्ली तुमच्या शब्दावर काडी लावते, आई. तो शब्द गेला तर पुढच्या वर्षी कोण लावणार?"

आता पुढचं वर्ष आलंय आणि कोणीच लावलेलं नाही. ती काडेपेटीला हात लावत नाही, थोरला तिच्या शेजारी उभा राहत नाही, आणि त्या दोघांकडे बघून गल्ली गप्प बसलीय. गवत कमरेपर्यंत आलंय. अजून कापलेलंही नाही.

म्हणून लिहून देते: चूक माझी. वाऱ्याची थोडी, बाकी माझी. तिची काही नाही.

कलम ५. यापुढे गल्लीने धाकटीला विचारावं. गवत तीन ठिकाणचं बघावं, आणि खुर्चीत बसलेल्या कोणाचं ऐकू नये. थोरल्याने तिच्याबरोबर झोडणी धरावी. याला मी घराची किंवा पैशाची अट घालत नाही. अट घालून आणलेला माणूस झोडणी धरतो आणि बघतो दुसरीकडे.

कलम ६. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, हे मला कळतं. पण उन्हाळा माझ्या मरणासाठी थांबणार नाही. बाई म्हणतात, ज्याला वाचता येत नाही त्याला ठसा घेण्याआधी सगळं मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. अक्षर न शिकल्याचा हा पहिलाच फायदा. तर वाचन मागच्या व्हरांड्यात, थोरला आणि धाकटी सून या दोघांसमोर करावं. थोरल्याला निरोप द्यावा की आई वाटणी करतेय. वाटणी म्हटल्यावर येईल. नाही आला तर मला त्याचा अभिमान वाटेल, पण येईल.

लेखनिकाची नोंद: वरील मजकूर मी मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. थोरला मुलगा व धाकटी सून हजर होते. थोरल्या मुलाच्या सांगण्यावरून कलम ४ दोनदा वाचलं. त्यानंतर तो आईला म्हणाला, "तुला उठता येत नव्हतं. पण बोलता येत होतं ना?" हा प्रश्नही लिहा, असं मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी मला सांगितलं. मग त्याने भावजयीला विचारलं, "कापायचं किती राहिलंय?" ती म्हणाली, "सगळंच, भाऊजी."

ठसा यानंतर घेतला. पहिला पुसट आला म्हणून दुसरा घेतला.

डाव्या अंगठ्याचा ठसा: मृत्युपत्र करणारी
साक्षीदार १: सही (दवाखान्यातली नर्स)
साक्षीदार २: सही (टपालवाला)
लेखनिक: सही (निवृत्त शिक्षिका, शेजारीण)
ठिकाण: राहत्या घराचा मागचा व्हरांडा
दिनांक: १९ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा. थोरला मुलगा व धाकटी सून यांच्या "ऐकलं" म्हणून सह्या घ्यायच्या राहिल्या आहेत. दोघंही विळे घेऊन वर गेले आहेत.