भट्टीची बरड

जानेवारी १९४६

प्रिय सहादेव,

बुधवारी सकाळी मी म्हाताऱ्या चांद्याला चारायला चुन्याच्या भट्टीकडे नेलं. दावं सोडलं आणि दगडावर टेकलो. बघतो तर बैल चरेना. चुना मळायच्या घाणीच्या जुन्या चाकोरीत उतरला आणि आपला आपण फेर धरून चालू लागला. मानेवर जू नाही, चुना मळणारं दगडी चाक नाही, मागं हाकणारे तुझे कारभारीबाबा नाहीत. भट्टी विझून इतकी वर्षं झाली, तरी त्याचे पाय विसरले नव्हते.

मग माझंही मन फिरलं. थंडीत भट्टीच्या ऊबदार भिंतीला पाठ लावून आपण पाढे म्हणायचो. तू सतराच्या पाढ्याला अडलास की बाबा वरून ओरडायचे, चुनखडी भाजली पण पोरगं कच्चंच राहिलं! आमचं ख्रिस्ती देऊळ आणि तुमचा मारुती, दोन्हींच्या भिंती त्यांच्याच चुन्यानं उभ्या आहेत. रविवारी प्रार्थनेला डोळे मिटले, की मला त्या भिंतीत बाबांचा हात जाणवतो.

तेवढ्यात आप्पासाहेबांचे गडी पहारी घेऊन आले. भट्टीभोवतीची ही खडकाळ बरड त्यांचीच, नव्या विहिरीला दगड हवेत म्हणून भट्टी फोडायची होती. मी तसाच त्यांच्या ओसरीवर गेलो, हात जोडले. भट्टी राखायची एकच वाट त्यांनी ठेवली. ती ऐकून मी मान डोलावली, तर ते हसून म्हणाले, "यशया, बरडीत काय दगड पेरतोस?" मी म्हटलं, "पेरून ठेवलेत कारभारीबाबांनी, मी नुसती राखण करीन." गडी हसले. घरी हे ऐकून तुझ्या मरियमवहिनीला मात्र हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "पोटाला चिमटा बसंल, पर तुमचं मन मोडायचं न्हाई."

बाबा गेल्यावर भिंगारहून तू लिहिलं होतंस, आता गावात माझं काय उरलं? तुझा तो प्रश्न रोज देवापुढं ठेवत होतो. आज उत्तर लिहितो आहे. काल ओढ्याकाठचं माझं काळं वावर आप्पासाहेबांना दिलं आणि बदल्यात भट्टीची बरड घेतली. तुझ्या बाबांची भट्टी उभी आहे. ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
तुझाच यशया