निळ्या गाडीची खोळ

उस्ताद, मी कोण ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही आठवत बसाल. चष्मा कपाळावर ठेवून सगळं गॅरेज पालथं घालणारा माणूस तुम्ही, पॉलिश पेपर गुंडाळून घासायचा स्वतःचा रबिंगचा ठोकळा आठ दिवस हुडकणारा, मला इतक्या वर्षांनी काय ओळखणार? लातूरच्या तुमच्या गॅरेजात गाड्या घासायला होते ती बाई मी. तिथं बाई एकटीच होती, तेव्हा गोंधळ व्हायचं कारण न्हाई. अक्षर मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत न्हाई. मी बोलते आणि तुमची नात लिहिते. हौ, तुमचीच. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मली नव्हती. नांदेडहून इथं डॉक्टरकीच्या क्लासला आलीय आणि माझ्या घरात राहते. आता आमच्या गल्लीत घरच्या माणसांपेक्षा क्लासची लेकरं जास्त झालीत, मीही वरच्या दोन खोल्या पोरींना दिल्यात. "आजी, सावकाश सांगा," म्हणून राहिली. तुमच्यावरच गेलीय, हिच्यापुढंही घाई चालत न्हाई.

नवरा गेल्यावर दोन लेकरं घेऊन मी गावाकडून आले होते. हाताला खुरप्याशिवाय काही माहीत नव्हतं. तुम्ही मला ठेवून घेतलं त्या दिवशी शेजारच्या टायरवाल्यानं आवाज दिला, "का उस्ताद, गाड्या सारवायला बाई आणली का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हौ. तुम्हा लोकांचं काम सारवल्यासारखंच दिसतंय, मग सारवणारीच का नको?" मला हसावं की रडावं ते कळेना. पॉलिश पेपरच्या मागं आकडा असतो, तो मला वाचता येईना, तर तुम्ही माझे डोळे झाकायला लावून एकेक कागद बोटाखाली द्यायचात. जाड, मध्यम, बारीक, लई बारीक. महिन्यात माझी बोटं चुकेनाशी झाली. उलट तुम्हीच एकदा बोलण्याच्या नादात जाड कागद उचललात आणि मी तुमच्या हातातून काढून घेतला. "बाई, तू मला काढून टाकशील एक दिवस," म्हणालात.

आणि एक गोष्ट तुम्ही रोज सांगायचात. नवा रंग वरून वाळतो, आतून ओला असतो. त्याला महिनाभर खोळ घालायची न्हाई. मी ते शंभरदा ऐकलं होतं. म्हणून जे झालं त्याला मला अडाणीपणाचं निमित्त न्हाई.

ती निळी गाडी आठवते का? एका डॉक्टराची. गडद निळी, तुम्ही कोटावर कोट चढवून अशी केली होती की तिच्या दारात बघून मी माझा पदर नीट करायचे. ती तयार होऊन दोनच दिवस झाले होते आणि पहाटे धरणी हलली. सकाळी किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या तसं तुम्ही जीप काढली, पाण्याचे डबे, फावडी, चार माणसं घातली. निघताना मला एवढंच म्हणालात, "बाई, गाडीकडे ध्यान दे." तुम्ही गेलात आणि मागून पाऊस आला. भिंतीला चीर पडली होती, धरणी पुन्हा थरथरली की वरून माती गळायची. निळ्या गाडीच्या टपावर मातीचा थर बसलेला मला बघवेना. मी फडक्यानं झटकली, डिक्कीत डॉक्टराची प्लास्टिकची खोळ होती ती काढली आणि घातली. वाऱ्यानं उडू नये म्हणून खालून दोरी ओढून बांधली, आमच्या शेतात कडब्याची पेंढी बांधतात तशी, दोन पीळ देऊन टोक आत खुपसून. ध्यान दिलं मी, उस्ताद. लई ध्यान दिलं.

आठ दिवसांनी तुम्ही आलात. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. डॉक्टर गाडी न्यायला उभाच होता. तुम्ही दोरी सोडली, खोळ ओढली आणि मी भिंतीकडं बघितलं. टपावर दुधाची साय आल्यासारखे पांढरे डाग, प्लास्टिकची एकेक सुरकुती रंगात उमटलेली, आणि कोपऱ्यांवर खोळ वाऱ्यानं हलून आतल्या मातीनं ओरखडेच ओरखडे. डॉक्टर ओरडला, "कोणी घातली ही? ज्यानं घातली तो माणूस उद्या मला इथं दिसता कामा नये!" माझी दोन्ही लेकरं डोळ्यांपुढं आली. तेवढ्यात तुम्ही कपाळाला हात लावलात. "मीच घातली, डॉक्टरसाब. जाताना घातली असेल. याद राहत नाही आताशा." चार दिवस आपण दोघांनी ती गाडी घासली. टप नव्यानं रंगवावा लागला, बाकीचं हातानं निघालं. तुम्ही एकदाही काही विचारलं न्हाई. मीही सांगितलं न्हाई.

मग वर्षभरातच तुम्ही स्प्रेची बंदूक खाली ठेवलीत आणि नांदेडला घरी निघून गेलात. लोक म्हणाले, उस्तादांचं ध्यान राहत न्हाई आता. मी मनात म्हणायचे, त्या माणसाला आपलं डोकं चालत न्हाई असं वाटायला मीच लावलं. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या हातात पीठ होतं. ते हात मी कितीतरी वेळ धुतले न्हाईत.

आता औंदाचं ऐका. तुमचा लेक जूनमध्ये ह्या पोरीला सोडायला आला. त्यांच्या गल्लीत नाल्याचं खोदकाम, गाडी लावायला जागा न्हाई, म्हणून म्हणाला, "अक्का, पावसाळाभर तुमच्या अंगणात राहू द्या." काळी गाडी, तीन वर्षांची. रस्त्याचा चिखल अंगावर तसाच, वरून चकचकीत खोळ चढवली आणि बसनं निघून गेला. मी रोज तुळशीला पाणी घालायला जायचे आणि तिच्याकडं पाठ करायचे. काढायला सांगायला पाहिजे होतं. पण माझा हात खोळीकडं जाईना, उस्ताद. दोन महिने न्हाई गेला.

परवा तो आला, खोळ काढली आणि डोकं धरून पायरीवर बसला. तीच साय, तेच ओरखडे. "शोरूमवाले पूर्ण रंगवा म्हणतील, अक्का." मी म्हणाले, "शोरूमवाल्यांना बसू दे तिकडं. दोन बादल्या पाणी आण." आधी नुसतं पाणी ओतून माती उतरवली, फडकं लावू दिलं न्हाई. मग नख फिरवलं. नख अडकलं न्हाई, म्हणजे ओरखडा वरवरचा. एका ठिकाणी अडकलं, तिथं खडूची खूण केली, ते रंगाच्या थेंबानं भरायचं ठेवलं. पांढऱ्या डागांना दिवसभर कोवळं ऊन दाखवलं, आत कोंडलेली ओल निघाली तसे निम्मे डाग आपोआप गेले. उरलेल्याला साबणाचं पाणी आणि लई बारीक कागद, सरळ रेषेत, गोल न्हाई. ही पोरगी पाणी ओतत होती आणि विचारत होती, "आजी, किती नंबरचा?" मी म्हणाले, "तू नंबर वाच, मी कागद वाचते." शेवटी चकाकी आणायचं मलम, तुम्ही कंपाउंड म्हणायचात ते, आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. दुसऱ्या दिवशी दुपारी टपात आमचं लिंबाचं झाड दिसायला लागलं.

ते झाड बघितलं आणि माझ्यानं राहावलं न्हाई. तुमच्या लेकाला सगळं सांगून टाकलं. निळी गाडी, डॉक्टर, माझं गप्प बसणं. तो हसायला लागला. मला राग आला. "हसतो काय मेल्या, तुझ्या बापाचं काम सुटलं माझ्यापायी."

"अक्का, अब्बांना माहीत होतं," म्हणाला. "घरी येऊन अम्मीला सांगत होते. गॅरेजात सगळे फास मारतात, ह्या दोरीला कडब्याची गाठ होती. लातुरात गाडी पेंढीसारखी बांधणारी एकच बाई, म्हणे."

"मग खोळ आपणच घातली असं का म्हणाले?"

"तुम्हाला काढायला लावलं असतं ना त्यांनी. अब्बा म्हणाले, विसराळू म्हणून माझं नाव आहेच, एक गोष्ट त्यात वाढली तर काय बिघडतं. आणि काम सोडलं ते छातीमुळं, अक्का. तोंडाला नुसता रुमाल बांधून जन्मभर रंग उडवला. त्याच डॉक्टरांनी बंद करायला लावलं."

मी पायरीवर बसले. पोरीनं पाणी आणलं. उस्ताद, जन्मभराचं ओझं उतरलं की माणूस रडतो म्हणतात. मला भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या आणि दुपारची अशी झोपले की पोरींना वाटलं आजी गेली. तुमच्यावर रागही आहे. एवढं तोंड चालवायचात, मला एकदा सांगितलं असतं तर काय झालं असतं? पण मीही सांगितलं न्हाई, तेव्हा फिटलं.

हे पत्र टाकायचं कुठं, पोरगी विचारतेय. तुमच्या कबरीवर टपालवाला जात न्हाई. राहू दे तिच्या क्लासच्या वहीत, बेडकाच्या चित्रांमागं. जाता जाता एकच सांगते. तो रबिंगचा ठोकळा तुम्ही कुठं विसरला नव्हता. तुम्ही नांदेडला जाणार असं कानावर आलं आणि मीच तो पदराखाली घालून घरी आणला. आठ दिवस तुमच्याबरोबर हुडकायचं सोंग केलं. तुमच्या लेकाची गाडी त्यानंच घासलीय. परत मिळायचा न्हाई.

लिही गं, हे खाली लिही, आणि हे मात्र तुझ्या अम्मीला फोनवर वाचून दाखव. ईदला शीरखुर्मा पाठवू नका, मला साखर चालत न्हाई. खिचडी-खट्टा पाठवा. चिंचेच्या खट्ट्यात तीळ जास्त घाला आणि डबा मोठा द्या, वरच्या पोरी मला काही उरू देत न्हाईत.