शाळा बदलण्याचे कारण

मंगळवार, ४ ऑगस्ट
टोळला पळता येणार नाही! शाळेतल्या क्रीडाशिक्षिकेचा फोन आला तेव्हा मी दुकानात चष्म्याची काच घासत होतो. आठशे मीटरच्या यादीतून टोळचं, म्हणजे माझ्या भाचीचं, नाव काढलं. शाळा बदलली की एक वर्ष आंतरशालेय स्पर्धा बंद — शाळा एकमेकींचे खेळाडू पळवतात म्हणून हा नियम. 'आमच्या हातात काही नाही हो.' पुढच्या वर्षी ती वयात बसत नाही. म्हणजे झालंच.

घरी आलो तर तिने बूट धुऊन खिडकीत ठेवलेले. 'मामा, कळलं?' हो म्हटलं.

बुधवार, ५ ऑगस्ट
नियमावली वाचली. सूट आहे. पालक वारले, किंवा बरे न होणाऱ्या आजारात आहेत आणि त्यामुळे शाळा बदलली, तर पळता येतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. ताई जूनमध्ये गेली. मग अडलं कुठे?

शाळेच्या कारकुनाने प्रवेशअर्ज काढून दाखवला. ताई जायच्या अकरा दिवस आधीचा. शाळा बदलण्याचे कारण — 'राहण्याची सोय'. अक्षर माझं.

'सोय तुम्ही लिहिलीत मामासाहेब, गैरसोय आमची झाली!' हसला. मीही हसलो.

दुसरं काय लिहिणार होतो? अर्ज हॉस्पिटलात, ताईच्या कॉटच्या कडेवर ठेवून भरला. ती पडल्या पडल्या बघत होती. टोळ पायाशी बसून संत्रं सोलत होती. दोघींना मी सांगून ठेवलेलं — नव्या औषधाने फरक पडेल. डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून 'फार तर दोन महिने' म्हटलं होतं.

शुक्रवार, ७ ऑगस्ट
कारकून म्हणतो, ताई गेल्यानंतरची तारीख टाकून नवा अर्ज करू, कोण बघतंय! नको म्हटलं. उद्या कोणी तक्रार केली तर पोरीचं नाव खराब.

मग खरं कारण स्पर्धेच्या समितीला लिहून द्यायचं. खाली माझी सही. त्याखाली विद्यार्थिनीची — 'वरील मजकूर वाचला' म्हणून.

ती दुसरी सही!

रविवार, ९ ऑगस्ट
तीन कागद फाडले. शेवटी दोनच ओळी. 'माझी बहीण वाचणार नाही हे मला २ मे रोजी कळले. मी तिला किंवा भाचीला सांगितले नाही.'

टोळ मैदानावरून घामाघूम आली. यादीत नाव नाही, मग सराव कशाला? म्हणे, 'पाय ऐकत नाहीत.' ताई तिला टोळ म्हणायची ते उगाच नाही.

सोमवार, १० ऑगस्ट
कागद दिवसभर खिशात. दिला नाही.

मंगळवार, ११ ऑगस्ट
सकाळी चहाच्या वेळी दिला. तिने दोनदा वाचला. पेन मागितलं. मी उठून बशा विसळत राहिलो. 'शाळेत मीच देते,' म्हणाली आणि गेली.

दुकानात एका बाईंची उजवी काच डावीकडे बसवली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवार, १३ ऑगस्ट
परवानगी आली. शनिवारी पळणार. पत्रासोबत आमच्या कागदाची प्रत आहे. सहीखाली टोळने लिहिलंय — 'आईने मला एप्रिलमध्येच सांगितले होते. मामाला झेपणार नाही, त्याच्यासमोर बोलू नकोस म्हणाली. म्हणून मी बोलले नाही.'