जयवंतीताईंचा डावा डोळा

३ फेब्रु.
मुरुडच्या जयवंतीताई पुन्हा डोळ्यांच्या ओपीडीत आल्या. चौथी खेप. डिसेंबरात टेम्पोवर मासळीचे क्रेट बांधताना इलॅस्टिक दोरीचा हूक सुटून डाव्या डोळ्यावर बसला होता. आत रक्त साचलं, ते विरलं. "डोळा वाचला, आता काळजी नको," हे मीच सांगितलं होतं.
"सगला धुरकट दिसतं, मॅडम."
तपासणीत जखम दिसत नाही. डोळ्याचा दाब मात्र ५, दहाच्या वर हवा. मागच्या दोन खेपांनाही कमीच. लिहून ठेवला होता, मनावर घेतला नाही.
नवरा हिरामण दारातूनच : "वरून चांगला तर हाय डोला. कामाला न्हाय जायचं म्हनून सोंग."


४ फेब्रु.
सकाळपासून तेच डोक्यात. बुबुळाच्या मागे आपल्या तपासणीच्या दिव्याचा उजेड पोचतच नाही. तिथलं बघायचं तर यूबीएम हवं, अगदी बारीक लहरींची सोनोग्राफी. पनवेलच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलला फोन. ७ तारीख मिळाली. रजा टाकली, मीही जाणार.

७ फेब्रु.
ताई आडव्या. डोळा बधिर केला, पापण्यांत छोटी प्लास्टिकची वाटी बसवली, तिच्यात सलाईन. प्रोब त्या पाण्यातच फिरतो. ताईंनी माझं बोट घट्ट धरलं होतं.
पाच-सात मिनिटांत दिसलं. बुबुळामागचा स्नायूचा पट्टा डोळ्याच्या भिंतीपासून सुटलाय. मध्ये काळी फट. आतलं पाणी तिथून झिरपतंय, म्हणून दाब नाही, म्हणून धूसर. सगळं तिथेच होतं, दोन महिने.
ताईंना पडद्यावर दाखवलं. बराच वेळ बघत होत्या. मग हिरामणला, "बग. माजा सोंग."
तो पुढे आला. टेक्निशियनला म्हणाला, "परत एकदा दाखवा."
बाहेर बाकावर मी ताईंना सांगितलं, हे मला आधीच कळायला हवं होतं.
"मंग तवा का न्हाय बगितलं?"
दाब कमी होता, मी दुर्लक्ष केलं, एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली. माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. बरोबरच आहे.

२० फेब्रु.
फट मिटावी म्हणून अ‍ॅट्रोपिनचे थेंब चालू. दाब ६. हिरामण स्वतः थेंब घालतो म्हणे. "अर्धे गालावर सांडतो," ताई हसून.

१२ मार्च
पुन्हा पनवेल. दाब ७. फट लहान झालीय, पण मिटलेली नाही. टाके घालायचे की अजून थांबायचं? तिथले सर्जन म्हणाले, दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा.
परतीच्या एसटीत ताई : "तुमचा डोला असता तं काय केला असता?"
"अजून पंधरा दिवस थांबले असते."
"बरं," त्या लगेच म्हणाल्या.
एकदा माझं चुकलेलं असताना इतक्या लगेच म्हणायला नको होतं.